कोंड्याचा मांडा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सप्ताहांत शेतकरी बंधु व महिला मंडळ यांच्यापुढें झालेलें भाषण)



महोत्सवाच्या या आठवड्यांत पवित्र मिस्सा, मिरवणूक व कीर्तन यांचा लाभ आपण घेतलाच आहे. आज सायंकाळीं चालकांनीं आमच्यावर जो विषय सोंपविला तो जाहीर होतांच कांहींच्या मुखावर स्मित उमटलें, तें आम्हांस येथून दिसलें. विषय आहे कोंबड्यांच्या खाद्याचा; आणि तोहि पेठेंतून पोत्यांनीं येणाऱ्या खाद्याचा नव्हे, तर खळ्यावर, चुलीपाशीं आणि आठवड्याच्या बाजारांत आपण जें टाकून देतों त्याचा. उत्सवाच्या व्यासपीठावरून असलें बोलणें ज्यांस हलकें वाटत असेल त्यांनीं इतकेंच ध्यानांत घ्यावें कीं, यरुशलेमेसाठीं शोक करतांना प्रभु येशूनें उपमा घेतली ती सिंहाची नाहीं कीं गरुडाची नाहीं. पिलांना पंखांखालीं गोळा करणाऱ्या कोंबडीची घेतली.

पांच हजारांच्या भोजनाचा वृत्तांत आपणां सर्वांस पाठ आहे. ज्याच्या हातून पांच भाकरी हजारोंना पुरल्या त्यास उरलेल्या तुकड्यांची वास्तविक काय गरज होती? तरी त्यानें शिष्यांकडून ते गोळा करविले, आणि बारा टोपल्या भरल्या. त्या टोपल्यांचें पुढें काय झालें हें शुभवर्तमानकारानें लिहून ठेविलेलें नाहीं. जुन्या करारांतील रूथ बवाजाच्या शेतांत सरवा वेंचीत असे, आणि सरवा हा शब्द समजावून सांगण्याची गरज नगरकडच्या म्हाताऱ्या आयाबायांना अजून पडत नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत ज्यांनीं रेशनवरचा तांबडा मिलो शिजवून खाल्ला त्यांना भुईवर सांडलेला दाणा दिसतो. त्यांच्या नातवंडांना तो दिसत नाहीं. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं ‘लाउदातो सी’ हें परिपत्र काढून टाकून देण्याच्या वृत्तीविषयीं सर्व जगास सांगितलें. आपल्याकडे त्याच अर्थाचें काम एका धर्मगुरूनें पाण्याच्या बाबतींत करून दाखविलें होतें. १९४८ सालीं स्वित्झर्लंडांतून हिंदुस्थानांत आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनीं या जिल्ह्यांतील उघड्या डोंगरउतारांवरून वाहून जाणारें पावसाचें पाणी जागच्या जागीं अडविण्यास शेतकऱ्यांना शिकविलें. २०२१ सालीं ते प्रभूकडे गेले. उतारावरून वाहणारें पाणी ज्या नजरेनें त्यांनीं पाहिलें त्या नजरेनें आपण आपलें खळें आणि आपला उकिरडा पाहूं लागलों तर काय हातीं लागेल, हें आज सांगावयाचें आहे. हातीं पुष्कळ लागतें. परंतु सगळेंच लागत नाहीं, आणि जें लागत नाहीं त्याविषयींच आम्ही अधिक वेळ घेणार आहों.

प्रथम, हें कोणासाठीं? आपल्या भागांत रस्त्याच्या कडेस ज्या लांबलचक पत्र्याच्या शेड दिसतात त्यांत बहुधा मांसाचे पक्षी करारानें वाढविले जातात. पिलें कंपनीचीं, खाद्य कंपनीचें, औषध कंपनीचें. शेतकऱ्याची जागा व मेहनत, आणि त्याबद्दल किलोमागें ठरलेली मजुरी. तेथें खाद्यांत हात घालण्याची शेतकऱ्यास मुभाहि नसते. आमचें बोलणें आहे तें परसांत दहा, वीस, फार तर पन्नास कोंबड्या पाळणाऱ्या घरांविषयीं. हा वर्ग कांहीं लहान नाहीं. २०१९ च्या पशुगणनेंत देशांत ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले, त्यांपैकीं सुमारें ३१ कोटी ७० लक्ष परसांतले होते. आणि ही परसांतली संख्या २०१२ च्या मानानें सुमारें ४६ टक्क्यांनीं वाढलेली होती. म्हणजे मोठ्या शेड उभ्या राहिल्या तरी डालगें व खुराडें नाहींसें झालें नाहीं. अंड्यांचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातीं राहतो. शाळेची वही, दिव्याचें बिल, आजाऱ्याची गोळी या पैशांतून येते, आणि त्याचा हिशेब कोणी मागत नाहीं.

या धंद्याचा कणा म्हणजे खाद्य. विकतच्या खाद्यावर कोंबड्या पाळल्या तर शंभर रुपये खर्चांतले पासष्ट ते सत्तर रुपये खाद्याचेच होतात. तें खाद्य मुख्यतः दोन वस्तूंवर उभें असतें, मका आणि सोयाबीनची पेंड, आणि या दोहोंच्या किंमती आपल्या गांवांत ठरत नाहींत. २०२१ सालीं सोयापेंड इतकी महाग झाली कीं केंद्र सरकारनें त्या वर्षीं ऑगस्टांत १२ लक्ष टन पेंड परदेशांतून आणण्यास परवानगी दिली. डिसेंबर २०२३ मध्यें उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारनें निर्बंध घातले, तेव्हां इथेनॉल गाळणारांची नजर मक्याकडे वळली; पुढें निर्बंध सैल झाले, तरी मका गाळपाकडे जाण्याचें थांबलें नाहीं. मोटारीला आणि कोंबडीला एकच दाणा हवा झाला, तेव्हां कोंबडीच्या मालकिणीनें काय करावें? “भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा” ही म्हण आपल्या पूर्वजांनीं माणसांसाठीं केली; कोंबडीच्या बाबतींत तिचा पूर्वार्ध खरा करतां येतो, परंतु कोंबडी म्हणजे गाय नव्हे हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

गाय रवंथ करते. तिच्या पोटांत चार कप्पे असतात, आणि तेथें कडबा, वाळलेलें गवत, उसाचें वाढें यांचें अन्न होऊं शकतें. कोंबडीला दांत नाहींत. ती दाणा गिळते, तो गळ्याशीं असलेल्या पिशवींत भिजतो, आणि मग ज्यास खाटकाच्या दुकानांत आपण पेटा म्हणतों त्या जाड स्नायूच्या जठरांत, तिनेंच गिळलेल्या खड्यांच्या साह्यानें दळला जातो. तिच्या घरांत जातें आहे, पण रवंथाची भट्टी नाहीं. म्हणून तंतुमय चोथा तिच्या कामाचा नाहीं. उसाचा जिल्हा म्हणून आपली ख्याती, आणि प्रवरेच्या कांठीं १९५० सालीं सहकारी साखर कारखाना चालू झाला तो देशांत आद्य मानला जातो. परंतु चिपाड, पाचट व वाढें यांचा कोंबडीस कांहीं उपयोग नाहीं. कारखान्यांतील काळी मळी, म्हणजे मोलॅसिस, तेवढी शेंकडा दोन ते पांच भाग चालते. ती पिठाची धूळ बसविते व गोडी आणते. पण तींत पालाशाचे क्षार फार, त्यामुळें प्रमाण वाढलें कीं कोंबड्यांना हगवण लागते आणि खुराड्याची जमीन ओली होते.

मग उपयोगाचें काय? आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढें आणा. अकोल्याकडे भात आहे. तेथें गिरणीवर कणी व भाताचा कोंडा मिळतो. कोपरगांव, राहाता, संगमनेर या बाजूस मका व सोयाबीन; शेवगांव, पाथर्डी, नेवासें येथें तूर व कापूस; कर्जत-जामखेडकडे रब्बीची ज्वारी; आणि बाजरी तर सर्वत्र. प्रत्येक पिकामागें कांहीं मागें उरतें. खळें उचलल्यावर तळाशीं जें मातेरें राहतें त्यांत मातीखड्यांबरोबर फुटका, बारीक, अर्धवट भरलेला दाणा असतो. सुपानें पाखडून चाळलें कीं त्यांतून धान्य निघतें. खडे राहिले तरी कोंबडीला ते हवेच असतात. डाळ भरडणाऱ्या गिरणींत तुरीची, हरभऱ्याची, मुगाची चुनी निघते. ती गुरांच्या आंबोणांत जाते तशी येथेंहि येऊं शकते. गव्हाच्या गिरणींतला कोंडा, तेलाच्या घाण्यावरची तिळाची व करडईची पेंड, भाजीबाजारांतील कोबीचीं वरचीं पानें, मेथी-पालकाचे देंठ, भाव पडल्यावर रस्त्याच्या कडेस ओतलेले टोमॅटो, हें सर्व कोंबडी आनंदानें खाते. मात्र टोमॅटोंत शंभर भागांत चौऱ्याण्णव भाग पाणी असतें. त्यानें चोंच गुंतते, पोट भरल्यासारखें होतें, अंडें मात्र तयार होत नाहीं.

अंडें कशानें होतें? हें आमच्या भाषणाचें मर्म असून त्यासाठीं आम्हांस आपल्याच ताटाकडे बोट दाखवावयाचें आहे. आपल्या पूर्वजांनीं भाकरीबरोबर डाळ कां घेतली? भाकरीच्या धान्यांत जीं प्रथिनें असतात त्यांत लायसिन नांवाचा एक घटक तोकडा असतो. डाळींत तो भरपूर असतो. उलट डाळींत जो घटक तोकडा, मेथिओनिन त्याचें नांव, तो धान्यांत व तिळांत अधिक असतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. ज्या आज्यांनीं बाजरीची भाकरी, उडदाचें वरण व तिळाची चटणी एका ताटांत वाढली त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें, पण ताट बरोबर होतें. कोंबडीचें ताट याच न्यायानें मांडावयाचें. नुसती बाजरी टाकली तर तिला पोटभर मिळतें आणि तरी ती उपाशी असते. नुसता कोंडा टाकला तर तेंच. अंडीं देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यांत शंभर भागांत सोळा ते अठरा भाग प्रथिन असावें लागतें. बाजरींत तें अकरा-बारांच्या आसपास, मक्यांत नऊच्या आसपास. म्हणजे आपल्या जिरायती रानांतली बाजरी मक्याहून उणी नाहीं, कांकणभर सरसच आहे, आणि कोंबडी ती न दळतां खाते. मक्याच्या मागें लागून बाजरी मोडण्याचें कारण कोंबड्यांच्या दृष्टीनें तरी नाहीं.

दहा किलो मिश्रणाचें एक साधें प्रमाण आम्ही सांगतों. बाजरी, ज्वारीची किंवा तांदळाची कणी, अथवा मातेऱ्यांतून निघालेलें धान्य मिळून साडेपांच किलो. गव्हाचा किंवा भाताचा कोंडा दीड किलो. तुरीची किंवा हरभऱ्याची चुनी सव्वा किलो. तेल काढलेली सोयाबीनची पेंड एक किलो. तिळाची पेंड पाऊण किलो. यांत चिमूटभर म्हणजे तीस ग्रॅम मीठ, आणि पशुखाद्याच्या दुकानांत मिळणारें कोंबड्यांचें क्षारमिश्रण त्याच्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणें. प्रथिनाचें मान सुमारें सतरा येतें. दिवसभर रानांत व उकिरड्यावर हिंडणाऱ्या कोंबडीस या मिश्रणाचे रोज चाळीस-पन्नास ग्रॅम सकाळ-संध्याकाळ वांटून दिले म्हणजे दहा कोंबड्यांस दहा किलो तीन आठवडे पुरतात. हिंडून मिळणारें जेथें कमी, तेथें हें मान वाढवावें. बांधलेल्या कोंबडीस दिवसाला शंभर ते एकशें दहा ग्रॅम लागतात. यांत विकत आणावयाची मुख्य वस्तु एकच, सोयापेंड. बाकीचें बहुतेक घरचें, शेजारचें किंवा गिरणीवरचें.

येथें घरोघर एक गोष्ट आम्हीं पाहिली आहे ती सांगणें अवश्य आहे. सोयाबीनची मळणी झाल्यावर फुटके दाणे कोंबड्यांपुढें तसेच टाकतात. कच्च्या सोयाबीनमध्यें प्रथिनाचें पचन अडविणारें एक द्रव्य असतें. पिलांनीं तें खाल्लें म्हणजे खाऊनहि तीं वाढत नाहींत. तेच दाणे तव्यावर खमंग भाजून भरडले किंवा उकडून घेतले कीं दोष जातो. दहा मिनिटांचा जाळ आणि चार दिवसांचें अन्न, इतका साधा हा हिशेब आहे.

कवचासंबंधीं थोडें. एका अंड्याच्या कवचांत सुमारें दोन ग्रॅम चुना-द्रव्य, म्हणजे कॅल्शियम, असतें, आणि कवच तयार होण्यास वीस तासांच्या आसपास वेळ लागतो; त्यांतला बराचसा भाग रात्रीचा असतो. म्हणून संध्याकाळीं खुराड्यांत शिरण्यापूर्वीं शिंपल्यांचा चुरा एका वेगळ्या भांड्यांत ठेवावा. ज्या कोंबडीला हवा ती नेमका हवा तेवढा खाते. न घालणारी त्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. घरांतलीं व लग्नाच्या आचाऱ्याकडचीं अंड्यांचीं टरफलें उकळून, वाळवून, अगदीं बारीक कुटून यांत मिसळावीं. मोठे तुकडे टाकूं नयेत, नाहींतर कोंबडीला अंडें फोडून खाण्याची खोड लागते. लहान पिलांस मात्र हा चुरा देऊं नये. जादा चुन्यानें त्यांचीं मूत्रपिंडें बिघडतात.

बाजरीवर पाळलेल्या कोंबडीचें अंडें फोडलें तर बलक फिकट निघतो, आणि गांवरान अंडें म्हणून चढा भाव देणारें गिऱ्हाईक नाक मुरडतें. तो पिवळा रंग कोंबडीला स्वतः तयार करतां येत नाहीं. तो हिरव्या पाल्यांतून व पिवळ्या फुलांतून यावा लागतो. आपल्या बांधावरचा लसूणघास, ज्याचा आर. एल. ८८ हा वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें दिला, बारीक चिरून रोज मूठभर टाकला तरी फरक दिसतो. आणि दसरा-दिवाळी सरली म्हणजे बाजाराच्या कडेस झेंडूचे ढीग कुजत पडतात, तें आपण दरवर्षीं पाहतों. झेंडूच्या पाकळींत ल्युटिन नांवाचें पिवळें द्रव्य आहे. दक्षिणेंतील कारखाने झेंडू विकत घेऊन त्यांतून हेंच द्रव्य काढतात, आणि तें कोंबड्यांच्या खाद्यांत जातें. आपण पाकळ्या सावलींत वाळवून चुरल्या कीं काम झालें. मात्र ज्या मळ्यांत तोडणीच्या तोंडावर औषध फवारलें असेल त्या मळ्याचीं फुलें घेऊं नयेत. आणि तें विचारल्यावांचून कळत नाहीं.

आतां जें हातीं लागत नाहीं त्याकडे वळूं. टाकाऊ धान्य म्हणतांच आपल्या मनांत पहिली वस्तु येते ती भिजलेली, बुरसलेली. “माणसानें नको तर कोंबडीला घाला,” हें वाक्य प्रत्येक घरांत बोललें जातें, आणि आमच्या मतें परसांतल्या कोंबड्यांचा यासारखा शत्रु दुसरा नाहीं. १९६० सालीं इंग्लंडांत टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी थोड्या महिन्यांत मेले. रोग कोणता हें कळेना. शेवटीं दोष निघाला ब्राझिलांतून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींत. तीवर वाढलेल्या हिरवट बुरशीनें एक विष तयार केलें होतें. त्यास पुढें अफ्लाटॉक्सिन हें नांव मिळालें. ही परदेशची गोष्ट झाली असें कोणी म्हणूं नये. १९७४ सालीं गुजराथेंतील पंचमहाल आणि राजस्थानांतील बांसवाडा या जिल्ह्यांत अवेळीं पावसानें कणसें भिजलीं, मका बुरसला, आणि दुसरें धान्य नसल्यामुळें गरीब आदिवासींनीं तोच खाल्ला. यकृताच्या विकारानें शंभराहून अधिक माणसें मेलीं. त्या वृत्तांत एक तपशील असा आला कीं, त्याच घरांतलीं तेंच उष्टें खाणारीं कुत्रींहि मेलीं.

हें विष डोळ्यांना दिसत नाहीं. बुरशी पुसून काढली, दाणा धुतला, भाजला, शिजविला, तरी तें बहुतांशीं राहतें. चुलीच्या आंचेनें तें मोडत नाहीं. आणि कोंबडी एका दिवसांत मरत नाहीं, हा त्यांतला मोठा धोका आहे. अंडीं कमी होतात, पिलें खुरटतात, यकृत खराब होतें, आणि शरीराची रोगाशीं झुंजण्याची शक्ति मंदावते. त्यामुळें राणीखेतची लस टोंचूनहि मानमोडी येते, आणि घरधनीण म्हणते कीं लस खोटी निघाली. लस खोटी नसते; पावसाळ्यांत अर्ध्या किंमतींत मिळालेलें पोतें खोटें असतें. भाद्रपदांत खुराडें रिकामें झालेलीं अशीं घरें आम्हीं एकाहून अधिक वाड्यांत पाहिलीं आहेत. त्या खुराड्यांबरोबर वहीचे व गोळीचे पैसेहि जातात. शिवाय असल्या कोंबडीच्या यकृतांत व अंड्यांत विषाचा अंश उतरूं शकतो, आणि तें अंडें आपण लहान मुलाच्या ताटांत ठेवतों.

म्हणून कसोटी ठरवून घ्यावी. दाणा दांतांखालीं कट्‌कन् फुटला पाहिजे. दबला तर तो ओला आहे. पोतें भिंतीस टेंकवूं नये, जमिनीवर ठेवूं नये, फळीवर ठेवावें. पेंडीचें पोतें घेतांना तोंड उघडून आंत हात घालावा. ऊब लागली, गोळे लागले किंवा कुबट वास आला कीं तें परत करावें, दुकानदार कितीहि ओळखीचा असो. पावसांत काळी पडलेली ज्वारी आणि कणसावरच बुरसलेला मका यांना हाच नियम. हल्लीं मक्यापासून इथेनॉल केल्यावर उरणारा वाळका चोथा स्वस्त खाद्य म्हणून विकला जातो. त्यांत प्रथिन चांगलें असतें, हें खरें. परंतु गाळपांत पिष्ट निघून जाऊन माल एक-तृतीयांश उरतो, म्हणून मूळ मक्यांत विष असेल तर तें चोथ्यांत जवळजवळ तिपटीनें दाटतें. मोठे कारखाने प्रयोगशाळेंत तपासून मगच तो घेतात. आपल्यापाशीं प्रयोगशाळा नाहीं; आपण त्याच्या वाटेस जाऊं नये, असें आमचें मत आहे.

बुरसलेल्या मालाचें मग करावें काय? खड्ड्यांत घालावा, कंपोस्ट करावा, जमिनीस द्यावा. गायीला घालूं नये, कारण गायीच्या दुधांतहि तें विष उतरतें.

आणखी कांहीं वर्ज्य वस्तु थोडक्यांत सांगतों. कांदा आपल्याकडे उदंड, आणि भाव पडला कीं तो रस्त्यावर येतो. पण कोंबड्यांनीं तो फार खाल्ल्यास त्यांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटूं शकतात, आणि अंड्यांस वास लागतो तो निराळाच. सरकीच्या पेंडींत गॉसिपॉल नांवाचें द्रव्य असतें. त्यानें बलक हिरवट-काळसर पडतो, म्हणून ती गायीलाच राहूं द्यावी. एरंडीची पेंड विषारी आहे. तिची जागा शेतांत खत म्हणून. हिरवे पडलेले बटाटे नकोत. लोणचें, पापड, फरसाण, खारवलेलें उष्टें नको. मीठ कोंबडीस, त्यांतून पिलास, फार लवकर बाधतें.

स्वयंपाकघरांतील व जेवणावळींतील अन्नाविषयीं विचारणा झाली आहे. आपल्याकडे लग्नें मोठीं, सप्टेंबरांत हरेगांवची मतमाउलीची यात्रा मोठी, आणि प्रत्येक ठिकाणीं भात व चपाती उरते. माणसांनीं खाण्याजोगें जें आहे तें आधीं माणसांकडेच जावें, हा क्रम मोडूं नये. राहिलेला भात किंवा चपातीचे तुकडे त्याच दिवशीं द्यावेत, अगर उन्हांत कडकडीत वाळवून मिश्रणांत धान्याच्या जागीं थोडे घालावेत. दुसऱ्या दिवशींचा तार सुटलेला भात नको. मांसाचें उष्टें, विशेषतः कोंबडीचे अवशेष व पिसें, कोंबड्यांपुढें टाकूं नयेत, कारण रोग असाच घरांत येतो. फेब्रुवारी १९०० किंवा १९५० ची ही गोष्ट नव्हे. फेब्रुवारी २००६ मध्यें आपल्याच राज्यांतील नवापुरास बर्ड फ्लू आला आणि लक्षावधि पक्षी मारावे लागले, तें अनेकांस आठवत असेल.

मांसाच्या जागीं किडे चालतील काय, असें एका तरुण बंधूनें काल विचारलें. चालतील, कोंबडी तर उकिरड्यावर तेंच शोधीत असते. आदिवासी भागांत मडक्यांत शेण व ओलें गोणपाट भरून तें वारुळाजवळ पालथें घालतात; सकाळपर्यंत त्यांत वाळवी भरते आणि ती पिलांस झटकून देतात. हल्लीं काळ्या सैनिक माशीच्या अळ्या भाजीपाल्याच्या कचऱ्यावर वाढविण्याचा उद्योग निघाला आहे. या अळीच्या वाळलेल्या वजनांत सुमारें चाळीस टक्के प्रथिन असतें; मोठी झालेली माशी घरमाशीसारखी अन्नावर बसत नाहीं. गायींतील वेडाच्या रोगानंतर युरोपांत २००१ सालीं प्राणिज प्रथिनांवर बंदी आली होती; तेथेंहि २०२१ सालीं कोंबड्यांच्या खाद्यांत किड्यांचें प्रथिन घालण्यास मोकळीक मिळाली. आपल्या गांवांत हें करावयाचें तर एका टाक्यापासून करून पाहावें. अझोलाची कीर्ति मात्र आम्हांस जरा फुगविलेली वाटते. तें पाण्यावरचें शेवाळासारखें नेचें चांगलें हिरवें खाद्य आहे, पण त्यांत नव्वद भागांहून अधिक पाणी असतें. पाटीभर अझोला म्हणजे हातांत मूठभर वाळलेला पाला. घासाची जागा तो घेईल, पेंडीची घेणार नाहीं.

एक शंका राहिली. गांवरान कोंबडी वर्षास पन्नास ते सत्तर अंडीं देते. एवढ्यासाठीं हा खटाटोप कशाला? हैदराबादेच्या संस्थेनें काढलेल्या वनराज व ग्रामप्रिया या जाती परसांत अधिक अंडीं देतात, आणि त्यांची मागणी वाढत आहे. परंतु अधिक अंडीं हवेंतून होत नाहींत. सुधारलेली कोंबडी आणून तिला गांवरान कोंबडीसारखें उकिरड्यावर सोडलें तर ती तिच्याहूनहि मागें पडते. आधीं खाद्य बसवावें, मग जात बदलावी, असा आमचा सल्ला आहे. बाभळेश्वरच्या कृषि विज्ञान केंद्रांत आणि राहुरीस विद्यापीठांत जाऊन विचारतां येतें. मोटारीचें भाडें तेवढें लागतें.

महिला मंडळानें सोयापेंड व क्षारमिश्रण एकत्र विकत घेऊन किलोकिलोनें वांटण्याचें मनावर घेतलें आहे, हें अध्यक्षीणबाईंनीं आतांच आमच्या कानांत सांगितलें. एकीनें पोतें घेतलें तर तें पावसाळ्यांत संपण्यापूर्वीं बुरसतें. वीसजणींनीं घेतलें तर आठवड्यांत संपतें. पोत्याचें तोंड उघडून पाहण्याचें काम मात्र दुकानांतच व्हावें. चर्चच्या ओट्यावर मातेरें, चुनी, कोंडा, भाजलेलें सोयाबीन व शिंपल्यांचा चुरा मांडून ठेविला आहे. शेजारीं एका झांकलेल्या काचेच्या बरणींत बुरसलेला मकाहि आहे. तो ओळखून ठेवावा आणि बरणी उघडूं नये. मिश्रण आपल्या हातांनीं करून पाहूं इच्छिणाऱ्यांनीं येतांना आपापली चाळणी आणावी.